आत्याचा हात आणि सरासरीची बांगडी

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक तरुण कासारीण राहायची. बापाचे गुडघे धरले, तसा बांगड्या भरायचा धंदा तिच्या अंगावर आला. पोरगी हिशेबात मोठी हुशार, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं!

शेजारच्या गावात लग्न निघालं. घरातल्या बायका-पोरी मिळून चाळीस जणींना हिरवा चुडा भरायचा होता. एकटीनं पेलायचं हे तिचं पहिलंच लग्न. आधी जाऊन तिनं दोऱ्यानं सगळ्यांचे हात मोजून आणले.

"सगळ्या मापांची पेटी ने गं," बाप म्हणाला.

"एवढं ओझं कशाला, बाबा? चाळीस मापांची बेरीज केली, चाळिसांनी भागलं. सरासरी सव्वादोन आली. सगळ्या सव्वादोनच्याच नेते."

लग्नघरी मात्र फजितीच झाली. पोरींच्या हातातून बांगड्या सटासट गळून पडल्या. बायकांच्या हातांत त्या शिरेचनात. नवरीच्या आत्याला भरताना तर तीन बांगड्या वाढल्या (लग्नघरात 'फुटल्या' म्हणायचं नसतं) आणि हाताला रक्त आलं.

आत्यानं हात पदराखाली लपवला. "मला राहू दे बाई. माझाच हात मेला दांडगा. दळणं करून करून असा झालाय."

ती दळणं आत्यानं कुणासाठी केली, हे नवरीला ठाऊक होतं. आईविना पोर तिनंच वाढवली होती. नवरी म्हणाली, "आत्या मोकळ्या हातानं बसणार असेल, तर मलाही चुडा नको."

कासारणीनं आत्याचा हात पदरातून अलगद बाहेर काढला.

"आत्याबाई, तुमच्या हाताचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

मग तिनं कोळसा घेतला आणि अंगणातल्या भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत मापं मांडली. ज्या मापाचा हात, त्या मापावर एक रेघ. पोरींच्या रेघांची इकडे दाटी झाली, बायकांच्या रेघांची तिकडे. सव्वादोनवर एकही रेघ नव्हती! आणि सगळ्यांच्या पलीकडे, एकटीच, आत्याची रेघ होती.

कासारीण तशीच घरी पळाली. बापलेकीनं रेघांप्रमाणे बांगड्या काढल्या. आत्याच्या मापाच्या सहज सापडेनात, तर बापानं सगळी पेटी उपसून शोधून दिल्या.

दुपारी तिनं पहिला हात आत्याचाच धरला. बांगड्या एकामागून एक चढल्या. आत्या बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"झालं? दुखलं कसं नाही गं? आजवरचा प्रत्येक चुडा रक्त काढूनच चढला. मला वाटायचं, माझ्या हाताला असंच असतं."

नवरीनं डोळे पुसले आणि आपला हात पुढे केला. "आता मला भर."

तात्पर्य एवढंच: सरासरी जरूर काढावी, पण तिच्यामागचे हात कुठे कुठे पसरलेत तेही बघावं, आणि माप बसलं नाही, तर आधी माप तपासावं, माणसाला बोल लावू नये.