पाणथळीची पाळी

कोरड्या मुलखातल्या एका नदीवर एकदा एक वृद्ध पाटकरी होता. बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी आणि किती वेळ सोडायचं, हे तो ठरवी. त्याच्या हाताखाली एक शिष्य पाणीवाटप शिकत होता. शिष्य हुशार होता, आणि हुशारी झाकून ठेवणं त्याला जमत नसे.

शेवटच्या शेतापुढे उरणारं पाणी एका पाणथळीत जाई. तिथे पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर दर उन्हाळ्यात करकोचे घरटी करत. शिष्याला वाटे, हे पाणी फुकट जातं. एका उन्हाळ्यात त्यानं नवा पाट खणून ते माळाकडे वळवलं. माळावर एका व्यापाऱ्याची लिंबोणीची बाग होती आणि तिला लागून शिष्याचं स्वतःचं दीड बिघा रान. तिथला भुईमूग पहिल्यांदाच फुलावर आला. गाव खूश झालं. व्यापाऱ्यानं शिष्याला पागोटं बांधलं.

आठ दिवसांनी पाटकऱ्यानं शिष्याला विचारलं, "दुसऱ्याची पाण्याची पाळी घ्यायची तर आपली रीत काय?"

"त्याच्या बांधावर जाऊन विचारायचं. तो उत्तर देईपर्यंत तिथून हलायचं नाही."

"मग करकोच्यांना विचारलंस?"

शिष्याला ही थट्टा वाटली. म्हातारा मात्र हसत नव्हता. "जा, विचारून ये," एवढंच तो म्हणाला.

गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागणार! साठी बुद्धी नाठी, असं म्हणून लोक हसले. शिष्यालाही ओशाळल्यासारखं झालं, पण गुरूची आज्ञा मोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दुपारी तो पाणथळीच्या काठावर जाऊन उभा राहिला.

पाणी निम्म्यावर आलं होतं. काठाजवळच्या बाभळींची मुळं उघडी पडली होती, भोवतालच्या चिखलात कोल्ह्याची पावलं उमटली होती आणि फाटलेल्या घरट्याखाली पिसं पडली होती. आतल्या झाडांखाली अजून गुडघाभर पाणी होतं. तिथली पिल्लं जिवंत होती. त्यांच्या पंखांत उडण्याचं बळ आलेलं नव्हतं. त्यांच्यावर ऊन येऊ नये म्हणून आया पंख पसरून तिष्ठत उभ्या होत्या. सांज झाली तसा कोल्हा आला आणि सुकलेल्या कडेवर बसून पाण्याकडे बघत राहिला. त्याला घाई नव्हती.

पाणी हेच या घरट्यांचं कुंपण होतं, आणि ते आपण आपल्या फावड्यानं काढून घेतलं, हे शिष्याला तेव्हा कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो परतला आणि म्हणाला, "बाबा, ते नाही म्हणतात. पिल्लं उडेपर्यंत अजून वीसेक दिवस लागतील."

पाटकऱ्यानं त्याला जवळ बसवलं. "माणूस पाण्यासाठी भांडतो, पाळ्या ठरवायच्या बैठकीत येतो, आपल्या दारात बसून राहतो. ओरडणाऱ्याला पाणी द्यायला पाटकरी लागत नाही रे, तो आपलं आपण घेतोच. ज्याला बैठकीत येता येत नाही, त्याचा वाटा राखायला पाटकरी असतो. पाट तू खणलास. आता काय करायचं, ते तूच ठरव."

दिवस उजाडताच शिष्य नव्या पाटाच्या तोंडाशी दगडमाती लोटू लागला. व्यापारी धावत आला.

"अरे, माझी बाग वाळेल! पाखरांचं काय, त्यांना पंख आहेत, जातील दुसरीकडे."

"पिल्लांना नाहीत, शेठ."

"आणि माझं नुकसान?"

"तुमच्या बागेला विहीर आहे. माझ्या भुईमुगाला तीही नाही," शिष्य म्हणाला, आणि त्यानं पुढचं घमेलं उचललं.

पाट पुन्हा कोणी फोडू नये म्हणून तो रोज तिथे जाऊन बसला. भुईमूग त्याच्या डोळ्यांदेखत करपला. विसाव्या दिवशी पहिलं पिल्लू फांदी सोडून थोडं धडपडत उडालं.

"पस्तावलास?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"भुईमुगाचं वाईट वाटलं, बाबा. पस्तावलो नाही."

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या गावासमोर पाळ्या पुकारायचं काम शिष्याकडे आलं. पहिली पाळी त्यानं पाणथळीची पुकारली आणि सगळ्यांत शेवटी स्वतःची.