'बोची बोची'वर बंदी

ओसाकाच्या सुभेदाराने 'बोची बोची'वर बंदी घातली आणि अख्ख्या बाजाराची बोबडी वळली!

जपानातल्या या शहरात व्यापारी भेटले, की रामरामाच्या जागी विचारतात, "मोकारिमाक्का?" म्हणजे, नफा होतोय ना? त्यावर समोरचा म्हणतो, "बोची बोची." म्हणजे, चाललंय आपलं! खरा नफा किती, ते बायकोलाही कळत नाही. सुभेदाराला तर मुळीच नाही, आणि तेच त्याला खुपत होतं.

त्याने दवंडी पिटवली. "मी विचारीन. 'हो' म्हणाल, तर निम्मा नफा सरकारजमा. 'नाही' म्हणाल, तर धंदा जमत नाही म्हणून दुकानाला टाळं. आणि 'बोची बोची' म्हणाल, तर दोन्ही!"

पहिलं बोलावणं सुकी मासळी विकणाऱ्या तोकुबेईला आलं. म्हातारा ओरडला, "ओसेन, बुडालो गं!"

ओसेन ही त्याची मोलकरीण, पगारवाढ मागून थकलेली. दर वेळी मालकाचं उत्तर एकच, "धंदा बोची बोची आहे." पण दुकान गेलं, तर आहे तो पगारही जाणार!

"मालक, तुम्ही नुसतं खोका," ती म्हणाली. "बोलते मी."

दरबारात त्या दिवशी शोगुनचे, म्हणजे सुभेदाराच्याही धन्याचे, खजिनदार चहा पीत बसले होते. त्यांना आपली हुशारी दाखवायची, म्हणून सुभेदाराने मुद्दाम हाच दिवस निवडला होता.

"मोकारिमाक्का?" सुभेदार गरजला.

तोकुबेई खोकला.

ओसेन वाकून म्हणाली, "मालकांचा घसा बसलाय, सरकार. आणि उत्तर कसं द्यावं, ते आम्हा अडाण्यांना कळेना. आधी आपण देऊन दाखवा. आपण म्हणाल, तेच आम्ही म्हणू."

"विचार!" सुभेदार ऐटीत म्हणाला.

"आपल्या सुभ्याला, सरकार... मोकारिमाक्का?"

सुभेदाराने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. खजिनदारांनी चहा खाली ठेवून लिहायचा कुंचला उचलला. निम्मा नफा राजधानीला जाणार! सुभेदाराने तोंड मिटलं. मग 'नाही' म्हणायला उघडलं. खजिनदारांनी कुंचला शाईत बुडवला. सुभेदारीच जाणार!

"बोची बोची," सुभेदार पुटपुटला.

खजिनदार असे हसले, की शाई सुभेदाराच्या अंगरख्यावर उडाली! मग सुभेदारालाही हसू फुटलं. बंदी उठली. शिवाय सुभेदाराच्या मुदपाकखान्याची सगळी मासळी यापुढे तोकुबेईकडूनच घ्यायची, असा हुकूम सुटला.

घरी परतताना ओसेनने सहज विचारलं, "मालक, मोकारिमाक्का?"

"बोची..." म्हातारा सवयीने म्हणाला आणि तिच्याकडे पाहून थांबला. या वेळी त्याला खोकला खराच आला.

"पगार वाढवतो," तो म्हणाला.