गैरहजर भाडेकरू

श्रीरंग बडा साहेब. राहायचा बाणेरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, पण आयकरात सूट मिळावी म्हणून ‘आईकडे कोथरूडला भाड्याने राहतो’ असं ऑफिसात ठोकून दिलेलं. वर्षाने आईच्या दारात उगवला तो बारा भाडेपावत्या घेऊनच.

“सह्या कर पटकन. चहा नको, घाईत आहे.”

निवृत्त शिक्षिका कुमुदिनीबाईंनी पावत्या नीट वाचल्या. “म्हणजे वर्षभर तू माझ्याजवळ राहत होतास?”

“अगं, नुसता कागद आहे. तुला नाही कळायचं.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “तीस वर्षं वर्ग सांभाळला, श्रीरंगा. गैरहजर पोराची हजेरी कधी लावली नाही. हेडमास्तरांच्या पोराचीसुद्धा नाही. मग माझ्या पोराची कशी लावू?”

श्रीरंग मान खाली घालून निघाला.

बाई जिंकल्या खऱ्या. पण ‘आज राहतो’ एवढं जरी तो म्हणाला असता, तरी त्यांनी बाराही सह्या करून टाकल्या असत्या.