सर्जेरावाने कामाला हात लावला

एका गावात एक भोळा थोरला भाऊ होता. नाव सर्जेराव, वय वीस, अंगापिंडाने भक्कम. कानावर पडलेला शब्द तो जसाच्या तसा पाळी. त्याचे वडील तात्या याला भोळेपणा म्हणत आणि चारचौघांत कौतुकाने सांगत. धाकटी बहीण शेवंता सतरा वर्षांची. तिच्या वाट्याला कौतुक आले नव्हते. चूल, पाणी, शेळ्या आणि अर्ध्या अंगाने लुळी पडलेली आई, एवढे आले होते.

शेवंताला नर्सिंगच्या परीक्षेला बसायचे होते. अभ्यासाला दिवसाकाठी तासभर मिळावा म्हणून ती भावाला म्हणाली, “दादा, कामाला जरा हात लावत जा.”

सर्जेराव उठला. खरकट्या भांड्यांना त्याने हात लावला. केरसुणीला लावला, हंड्याला लावला, शेणाच्या पाटीला मात्र एकच बोट लावले. मग हात धुऊन जेवायला बसला. तात्या पोट धरून हसले. शेवंताने सगळे काम केले.

“नुसता हात लावून काय होतं?” ती म्हणाली. “एकदा धरलं की सोडू नये.”

दुसऱ्या दिवशी तिने आईची पेजेची वाटी त्याच्याकडे दिली. आईने आपला चालता हात पुढे केला. सर्जेरावाने वाटी सोडली नाही. आईने ओढली, याने आणखी घट्ट धरली, आणि पेज गोधडीवर गेली. तात्या पोट धरून हसले. शेवंताने आईला पुसले, गोधडी धुतली, पेज पुन्हा शिजत ठेवली.

“समोरून ओढ लागली की सोडून द्यावं, दादा.”

तिसऱ्या दिवशी सर्जेराव विहिरीवर गेला. भरलेल्या बादलीने खालून दोर ओढला. त्याने सोडून दिला. तात्या पोट धरून हसले. भोळ्या पोराला कामाला कशाला जुंपतेस, असे वर म्हणाले. शेवंता दुपारभर विहिरीत गळ टाकून बसली. तेवढ्या वेळात तिच्या मनात एक विचार आला. जेवताना दादाचा एकही घास चुकून नाकात गेल्याचे तिला आठवत नव्हते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शाळेचे मास्तर घरोघरची नोंद करत आले. मुलगी काय करते, असे त्यांनी विचारले. शेवंता तेव्हा आत आईची कूस बदलत होती. तात्या म्हणाले, “काही नाही. घरीच असते.” मास्तरांनी तसे लिहून घेतले. सर्जेरावाने ते लक्षपूर्वक ऐकले.

सकाळी निघताना शेवंताने त्याला बजावले, “आज मी रोज करते तेवढं कर. कमी नको, जास्त नको.”

सर्जेरावाने दिवसभर काही केले नाही. अगदी मन लावून केले नाही. चूल पेटली नाही. करडांनी शेळ्यांचे दूध संपवले. आईने पाणी मागितले तेव्हा तो अर्धवट उठला. पण ते जास्तीचे होईल, म्हणून परत बसला. माठ तात्यांपासून चार हातांवर होता. शेवंता येईलच आता, असे तात्यांनी आईला समजावले, आणि तेही बसून राहिले. घरात दोन धडधाकट पुरुष होते. त्यांतल्या एकाला निदान तशी आज्ञा होती.

शेवंता संध्याकाळी परतली. तिने आधी आईला पाणी पाजले, मग चूल पेटवली. तात्या त्या दिवशी हसले नाहीत. ते उपाशी होते.

महिन्याने निकाल आला. शेवंताची निवड झाली, सोमवारी कॉलेजात हजर व्हायचे होते. तात्यांनी साफ नकार दिला. एका दिवसात घराची ही दशा, तर तीन वर्षांत काय उरेल, असा त्यांचा हिशेब. आईने मात्र लेकीला जवळ बोलावून सांगितले, तू जा, या दोघांना कामाला कसं लावायचं ते मी बघते.

सोमवारी तात्यांनी सर्जेरावाला दारात बसवले. “हिला घराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही,” असे सांगून ते रानात गेले.

शेवंता पिशवी घेऊन आली. सर्जेराव दारात आडवा झाला.

“दादा, मला फाट्यावर जायचंय. एसटी येईल.”

“पाऊल टाकू द्यायचं नाही, असं सांगितलंय.”

“मग नको टाकू देऊस,” शेवंता म्हणाली. “पण मला पोचव.”

सर्जेरावाने बराच वेळ विचार केला. त्याला दोन्ही गोष्टी पाळायच्या होत्या. अखेर त्याने बहिणीला पिशवीसकट खांद्यावर घेतले. पिठाच्या गिरणीवरून, चावडीवरून, भर गावातून तो चालत गेला. लोक बघत राहिले.

दुपारी तात्या परतले. शेवंता दिसेना.

“कुठाय ती?”

“गेली.”

“आणि तुला मी काय सांगितलं होतं?”

“पाऊल टाकू द्यायचं नाही,” सर्जेराव म्हणाला. “एकसुद्धा टाकू दिलं नाही, तात्या. थेट सीटवर नेऊन बसवली.”