बेहड्याची ढोली

एका गावात एकदा एक म्हातारे वैद्य राहत होते, आणि मोठ्या माणसांना असते तशी त्यांनाही एक खोड होती. कोणी प्रश्न विचारला की ते लगेच उत्तर देत नसत. किंचित हसत आणि म्हणत, "कळेल." लोकांना त्यात फार मोठं ज्ञान दिसे. खरं सांगायचं तर पूर्वी मलाही दिसत असे.

हे गाव सह्याद्रीच्या समुद्राकडच्या उतारावर होतं. भोवतीचे डोंगर काजूच्या लागवडीसाठी एकेक करून साफ झाले होते. उरली होती फक्त देवराई, म्हणजे देवीच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं दाट रान. तिचा नियम सोपा होता. जिवंत झाडाला हात लावायचा तर देवीचा कौल घ्यायचा, आणि देवी असा कौल सहसा देत नसे. मेलेल्या झाडाला मात्र कौल लागत नसे. देवीच्या कामासाठी ते तोडायला मुभा होती.

वैद्यांकडे एक तरुण शिष्य वनस्पती ओळखायला शिकत होता. रोज सकाळी दोघं राईत जात. उन्हाळ्याच्या दिवसांत वैद्य एक विचित्र गोष्ट करत. राईच्या मधोमध एक जुनाट बेहडा होता. शिष्याला लांब उभं करून ते एकटेच त्याच्या बुंध्याशी जात, खाली साचलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेत बोटं घालून बिया वेचत, ओढ्यावर धूत आणि वाटेनं चालताना उघड्या जागी टाकत. मग परत जाताना त्या बेहड्याला नमस्कार करत.

"आबा, एवढी औषधं सोडून ही घाण कशाला वेचता?" शिष्यानं पहिल्याच वर्षी विचारलं.

"कळेल."

दुसऱ्या वर्षी त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्या वर्षीही विचारलं. उत्तर तेच. शेवटी त्यानं विचारणं सोडून दिलं. वनस्पती शोधणाऱ्याचे डोळे जमिनीवर असतात. त्यानं कधी मान वर करून पाहिलं नाही, आणि वर पाहा असं त्याला कोणी सांगितलंही नाही.

चौथ्या वर्षी फाल्गुन संपता संपता वैद्य मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात पुतण्याकडे गेले. ते गेले आणि आठवड्याभरात चैत्रातलं वादळ आलं. गावातली कौलं उडाली, देवळापुढचा गवताचा मांडव भुईसपाट झाला आणि त्या बेहड्याचा सगळा शेंडा मोडून खाली आला. उरला तो उंच, बोडका बुंधा.

गावात लाकडाचा एक व्यापारी येत असे. माणूस वाईट नव्हता. तो गावकऱ्यांना म्हणाला, "देवीपुढं लोखंडी खांबांचा पक्का मांडव घालून देतो. वादळानं मारलेलं लाकूड तेवढं मला द्या." गावकऱ्यांना ते पटलं. पडलेल्या फांद्यांचा प्रश्नच नव्हता. पण उभ्या बुंध्याचं काय? गावचे मानकरी शिष्याकडे आले.

"वैद्यबुवा गावात नाय हत. आता तूच सांग, ह्यां झाड मेलां काय जितां आसा?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला वैद्य समजून विचारत होतं. त्याची छाती अभिमानानं फुगली. तो रुबाबात राईत गेला. हात पोचेल तिथली साल त्यानं नखानं खरवडली. ती कोरडी लागली. त्यानं बुंध्यावर मूठ आपटली. आतून पोकळ आवाज आला. पावसाळा येईपर्यंत थांबावं, फुटतंय का पाहावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलंही होतं. पण दहा माणसं तोंडाकडे पाहत उभी असताना 'थांबा' म्हणणं जड जातं.

"मेलंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी यंत्राची करवत आली. तासाभरात बुंधा कोसळला आणि पोकळीच्या रेषेनं उभा फाटला. मोळी बांधायला आलेली एक बाई पुढं झाली आणि ओरडली, "थांबा रे! आत काय तरी जितां आसा!"

आत मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याची मादी होती. तिच्या पंखांची पिसं गळालेली होती. तिनं उडायचा प्रयत्न केला, पण ती जागची हलू शकली नाही. तरीही चोच उगारून ती माणसांवर धावून येत होती, कारण तिच्या पोटाखाली दोन पिल्लं होती. एक पडताच मेलं होतं. दुसरं चोच उघडून ओरडत होतं. शिष्यानं त्यांना टोपलीत घरी नेलं. मादी संध्याकाळपर्यंत गेली. पिल्लू उंबराच्या आणि केळ्याच्या गरावर दोन दिवस जगलं.

पण शिष्याला सगळ्यात जड गेलं ते दुसऱ्या सकाळी. नर आला. गळ्यात उंबरं भरून आणलेली होती. जिथं ढोलीचं तोंड होतं तेवढ्याच उंचीवर, रिकाम्या हवेत, तो पंख मारत थांबू पाहत होता. थांबता येईना म्हणून शेजारच्या झाडावर बसला. एक उंबर चोचीच्या टोकावर आणलं, इकडं तिकडं पाहिलं आणि परत गिळलं. असं तो दिवसातून कितीतरी वेळा करत होता. शिष्य खाली बसून रडला.

चौथ्या दिवशी वैद्य एसटीनं परतले. नव्या दृष्टीनं त्यांनी राईकडे पाहिलं आणि झाडांच्या माथ्यांमधली ती मोकळी जागा त्यांना वाटेवरूनच दिसली. संध्याकाळी देवळात गाव जमलं. देवीच्या राईत जीवहत्या झाली होती. ज्यानं झाड मेलं म्हणून सांगितलं त्यानं देवीपुढं नारळ ठेवून चूक कबूल करावी, असं ठरलं. व्यापारीही मान खाली घालून बसला होता. तो कळवळून म्हणाला, "पोकळ लाकूड, जळणाच्या भावानं गेलं. मला कोणी एका शब्दानं सांगितलं असतं ना की आत पाखरू आहे, तर देवीशपथ मी झाडाला हात लावला नसता."

शिष्य नारळ घेऊन उठला. तेवढ्यात वैद्य पुढं झाले, त्यांनी त्याच्या हातातून नारळ घेतला आणि स्वतः देवीपुढं ठेवला. "चूक माझी," ते म्हणाले आणि खाली मान घालून बाहेर पडले. म्हाताऱ्याचं शिष्यावर प्रेम आहे, असं लोक समजले.

शिष्य त्यांच्या मागोमाग राईत गेला. वैद्य बेहड्याच्या खुंटाशी उभे होते.

"आबा, झाड मेलं असं मी सांगितलं. तुम्ही इथं नव्हतासुद्धा. मग चूक तुमची कशी?"

या वेळी वैद्य 'कळेल' म्हणाले नाहीत.

"ही मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. तिची पिसं गळतात. तीन महिने नर त्या फटीतून तिला भरवतो. फळं भरवतो, बिया खाली पडतात. मी वेचत होतो त्या त्याच. या राईतली कितीतरी झाडं अशी आहेत की त्यांचं फळ दुसऱ्या पाखराच्या गळ्यात मावतच नाही. ती झाडं यानंच लावली. वादळाचं म्हणशील, तर या राईनं वादळं काय कमी पाहिली? परवाच्या वादळानंही शेंडाच नेला, ढोली शाबूत ठेवली. नर येत होता, पिल्लं वाढत होती. वादळानं पाडलेलं राई भरून काढते, कारण तिच्याकडे पेरणारा असतो. आपण पेरणाऱ्याचंच घर पाडलं. आणि डोंगर सगळे काजूखाली गेलेत, त्याला दुसरी ढोली मिळायची कुठून?"

मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे सांगायला मला किती वेळ लागला? पाणी उकळायला लागतो तेवढासुद्धा नाही. तू तीन वर्षांत तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी 'कळेल' म्हणालो. मला त्या शब्दाची गोडी लागली होती रे. शिष्य ताटकळत राहिला की गुरू मोठा वाटतो. आज तुला कळलं, पण कोणाच्या जिवाचं मोल देऊन?"

शिष्यानं गुरूंचा हात धरला. दोघं अंधार पडेपर्यंत तिथंच उभे राहिले.

नर अकरा दिवस येत राहिला. बाराव्या दिवशी आला नाही. त्यानंतर त्या राईत धनेश कोणी पाहिला नाही.

आषाढात त्या खुंटाला कोवळे, लालसर फुटवे आले. झाड मेलेलं नव्हतंच. शिष्यानं ते पाहिलं आणि गावात जाऊन सगळ्यांना सांगितलं. लपवलं नाही.

वैद्य त्यानंतर सहा वर्षं जगले. गुरुशिष्य दरवर्षी उन्हाळ्यात राईतली फळं गोळा करत, बिया धुऊन पिशवीत भरत आणि डोंगरावर टोचत फिरत. पाखरू सहज करत होतं ते काम दोन माणसांना पेलण्यासारखं नव्हतं. त्यातल्या थोड्या रुजल्या, बऱ्याच वाळल्या.

शिष्य आता स्वतः म्हातारा झाला आहे. गावात त्याला वैद्यापेक्षा बडबड्या म्हणूनच जास्त ओळखतात. "गुरू किती गंभीर होते आणि हा बघा," असं लोक हसून म्हणतात. जेवत असताना शाळेतलं पोर दारात येऊन "आजोबा, हे कसलं बी?" असं विचारू लागलं, तरी तो हातातला घास ताटात ठेवतो आणि आधी उत्तर देतो. रानाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते विचारणाऱ्याला त्याच दिवशी सांगावं, एवढंच तो त्या बेहड्यापाशी शिकला.

उत्तर देऊन झालं की तो पोराला राईत नेतो आणि खुंटाचे ते फुटवे दाखवतो. आता त्यांची चांगली उंच झाडं झाली आहेत. पोर मान वर करून विचारतं, "यात ढोली कधी होणार?"

"मी नसेन तेव्हा," तो सांगतो. "तूही नसशील. पण पाखरू आलं तर झाड पाडू नका, एवढं तुझ्या पोरांना सांगून ठेव."