किल्ली केरबाकडेच राहील

पूर्वी एक वृद्ध गुरुजी डोंगराच्या पायथ्याशी मठ करून राहत असत. त्यांचा शिष्य केरबा सेवाभावी होता, पाठांतरात पक्का होता. परंतु जो शेवटी बोलेल त्याचेच त्याला पटे. एकदा हळद आणायला बाजारात धाडले, तर हा केस वाढवण्याचे तेल घेऊन परतला. गुरूंना टक्कल, शिष्याचे मुंडण. त्या तेलाचा लाभ अखेर मठातल्या मांजराला झाला.

गावाची बियाण्याची ज्वारी मठाच्या कोठीत ठेवण्याची रीत होती. पेरणी महिन्यावर आली असताना गुरुजी चार दिवसांनी तीर्थाला निघणार होते. नेमका त्याच सुमारास एक गोडबोल्या व्यापारी पंचक्रोशीत हिंडत होता. जुने बी द्या, आठ दिवसांत नवे देतो, असे सांगून त्याने शेजारच्या गावाचे बी नेले, ते नेलेच. गावकऱ्यांनी हात जोडले, की किल्ली कुणालाही द्या, केरबाला नको. गुरुजी म्हणाले, ती केरबाकडेच राहील. गाव धसकले, आणि त्यात गावाचे काही चुकले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी डोक्याला उपरणे गुंडाळून व्यापारी बनून दारात उभे. म्हणाले, बी जुने झाले, कीड लागली असेल, देऊन टाक. केरबाने लगेच किल्ली पुढे केली. ती त्याला परत देत गुरुजींनी विचारले, “कीड पाहिलीस?” पाहिली नव्हती. कोठी उघडली, तर राख आणि कडुलिंबाचा पाला घातलेल्या ज्वारीत एक किडा सापडेना.

तिसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, सगळ्या गावांनी दिले. केरबाने डोके खाजवले आणि म्हटले, त्यांना विचारून येतो. चौथ्या दिवशी गुरुजी चक्क रडले, की पोरे उपाशी आहेत. केरबा म्हणाला, पोरांना आणा, भाकरी वाढतो. मग तो वैतागला. राखायला सांगता तुम्ही आणि मागायलाही तुम्हीच येता, असे बोलून गेला. त्याच दिवशी गुरुजी तीर्थाला गेले.

आणि खरा व्यापारी आला. कीड झाली, गावे झाली, पोरे झाली. मग त्याने गुरुजींनी न शिकवलेले काढले: “वाटेत तुमचे गुरुजीच भेटले. त्यांनीच पाठवले.”

केरबा क्षणभर डगमगला. मग म्हणाला, “तर मग ते येईपर्यंत बसा. ताक घ्या.” तीन लोटे ताक पिऊन व्यापारी रिकाम्या हाताने गेला.

परतल्यावर गुरुजींनी गावाला सांगितले, “झाकून वाढवलेले रोप पहिल्या वाऱ्याला आडवे होते. मी त्याला आधी थोडा वारा लागू दिला, एवढेच.”

मग मठात येऊन त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. केरबा नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, बी गावाचे आहे. चार गावकऱ्यांसमोर देतो.”

गुरुजी ओट्यावर वाट पाहत बसले. मोठे समाधान वाटले त्यांना. थोडा रागही आला.