टिटवीने दाखवलेली जागा

यंत्रं अजून माणसांशी आणि पाखरांशी बोलत होती, तेव्हाची गोष्ट. इंदुकाकी शेलारांच्या बारा एकर माळावर गुडघाभर गवत माजलं होतं. ते कापायला एक ट्रॅक्टर ठेवायचा, म्हणून काकींनी दोन ट्रॅक्टरांना पारखायला बोलावलं, एक थोरला आणि एक धाकटा.

माळावरच्या टिटवीचा जीव टांगणीला लागला. गवताच्या मधोमध तिची चार अंडी होती.

थोरला म्हणाला, "काकी, दुपारच्या आत माळ साफ करतो. मध्ये थांबणं मात्र आपल्याला जमत नाही."

धाकटा आधी टिटवीकडे वळला. "टिटवीताई, अंडी कुठं आहेत? तेवढी जागा सोडून कापतो."

अंड्यांपाशी कुणी आलं की भलतीकडेच ओरडत पळायचं, ही टिटव्यांची पिढीजात रीत. ती बांधाकडे धावली. "इथं, इथं!"

धाकट्याने बांधाकडचं गवत जपून सोडलं आणि तो निर्धास्तपणे माळाच्या मधोमध निघाला. टिटवीने बांधावर आकांत केला, पण तो तिचा शब्द धरूनच पुढे चालला. शेवटी ती उडत आली आणि अंड्यांवर गप्प बसली. वीतभर अंतरावर पाती थांबली.

"अहो ताई, तुम्ही तर बांध म्हणालात!"

"जपायचं म्हणून आजवर कुणी विचारलंच नव्हतं रे," टिटवी म्हणाली.

काकींनी धाकट्याला ठेवून घेतलं.

"अहो, हा तीन दिवस लावील!" थोरला फुरफुरला.

"लावू दे की," काकी म्हणाल्या. "गवत कुठं पळून चाललंय?"